पंखाखालचं फूल

१२ ऑक्टोबर, अमरावती
नऊ दिवस झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून अंबादेवीला गेलो, अंगाऱ्याची पुडी घेतली आणि तिथून धावपट्टीवर. विनू आधीच पोचला होता. विमानाभोवती फिरून त्याची तपासणी उरकली होती. आदल्या दिवशीच्या पूजेचे झेंडू काढून त्यांचा ढीग केला होता. "मायनं नवरीवानी सजवलं होतं बे," म्हणाला. चौथीपासूनचा मित्र. संत्र्याच्या धंद्यात कमावलं, जुनं चार सीटचं विमान घेतलं. उडवायचे परवाने दोघांकडे. अकोल्याला जाऊन जेवायला घरी यायचं होतं.
आज माझा हात गळ्यात आहे. विनू नाही.

१५ ऑक्टो.
डोळे मिटले की तेच. मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन खोकलं. विमान माझ्या हातात होतं. नाक खाली केलं, वेग धरला. दुसरी टाकी लावली. इंजिनाला गरम हवा, ठिणगी देणारे मॅग्नेटो, सगळं करून पाहिलं. एकदा इंजिनानं धरलं, वाटलं आलं. मग नाकावरचा पंखा नुसताच फिरायला लागला, वाऱ्यानं. एवढी शांतता आभाळात कधी ऐकली नव्हती.
सोयाबीन निघालेलं एक रान दिसलं. वि. म्हणाला, "गजा, तिकडं बैलं हायेत. डावीकडं घे." घेतलं. डावीकडची माती ओली होती. पुढचं चाक रुतलं आणि विमान उलटलं. त्याच्या बाजूवर.

२४ ऑक्टो.
चौकशीचे साहेब येऊन गेले. टाकीत हवा जायला पंखाखाली बोटभर नळी असते. त्यात झेंडूचा देठ आणि पाकळ्यांचा बोळा सापडला. फूल ओढलं तेव्हा देठ आत तुटला असावा. हवा आत जाईना, म्हणून इंजिनाकडे इंधन उतरेना. दोन्ही टाक्या त्या एकाच नळीतून श्वास घ्यायच्या. जमिनीवर असतो तर नुसतं झाकण उघडून भागलं असतं.
पूजा काकूंनी, वि.च्या आईनं, केली होती. दिसेल त्या फटीत, भोकात फूल खोचत होत्या. "कोनाडा रिकामा ठेवू नाई," म्हणत होत्या. ताट धरून मी मागं.

२८ ऑक्टो.
काकूंकडे गेलो. दिवाळी होऊन गेली, दाराशी रांगोळी नाही. बसल्या बसल्या सुरू झाल्या, "इनं मांगून हाक मारली त्याले. नाश्त्याचा डबा राह्यला म्हणे! निघाल्या माणसाले कोणी मांगून हाक मारते का?" 'इनं' म्हणजे सुनीता, वि.ची बायको. ती चहा घेऊन दारातच होती, तिनं ऐकलं. कप खाली ठेवून आत गेली. काकूंनी त्या कपाला हात लावला नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत आता.
नळीतल्या फुलाचं तोंडाशी आलं होतं. परत आलो.

३ नोव्हेंबर
सुनीताला त्या देठाचं सांगितलं. घासत होती ते भांडं तिनं पालथं घातलं.
"भाऊजी, त्यायले नका सांगू."
"पण तुम्ही काहून ऐकून घेता?"
"मले बोलतात तवर जित्या तरी हायेत."

४ नोव्हें.
देवासमोर बसलो. 'खरे बोलावे' असं आमच्या शाळेच्या भिंतीवर होतं. कोणाला आणि कधी, ते नव्हतं.

१० नोव्हें.
अचलपूरहून सुनीताचा भाऊ आला होता, तिला न्यायला. नाही म्हणाली. काकू आतून, "जाय, अन् अवदसा सोबत घेऊन जाय." भावानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. वि. असता तर आईला म्हणाला असता... काय म्हणाला असता, सुचत नाही. त्याचा आवाज आठवतो, शब्द नाही.

१६ नोव्हें.
आज भाऊ पुन्हा आला. सुनीतानं बॅग भरली होती.
सांगितलं. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नळी, देठ, हवा, सगळं. "सुनीतानं काही केलं नाही, काकू." सोलणं चालूच. मग हात थांबले.
"म्हंजे म्या?"
मला हो म्हणता आलं नाही. नाही म्हणायला तर आलोच नव्हतो.
"देवाचं नाव घेऊन वाह्यलेलं फूल, गजा. ते कसं मारन रे?"
संध्याकाळ झाली. देवाजवळ दिवा लावायची वेळ. त्या उठल्या नाहीत. मी लावू का, हेही विचारवलं नाही.
आतल्या दारात सुनीता उभी होती, हातात बॅग. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधू लागलो. ती गेली की राहिली, पाहायला थांबलो नाही.