मुखपृष्ठ नसलेल्या मासिकांची वाटणी

अंतराळ वाचक मंडळाच्या सभासद भगिनींनो,

हे मृत्युपत्र मी तुम्हाला उद्देशून लिहिते, कारण तुम्हा प्रत्येकीला मंडळाच्या उंबरठ्यावर एकदा तरी उभे केले गेले आहे. आत सतरंजी अंथरलेली, गोष्टीतला कोणीतरी मंगळावर उतरायच्या बेतात, आणि आपण दारात चपला हातात घेऊन प्रश्नांची उत्तरे देतो आहोत. पुरुषाला त्याच दारात एकच गोष्ट विचारतात, चहा की कॉफी.

मी, सुमती मनमोहन त्रिलोकेकर, वय अठ्ठावन्न, राहणार मुगभाट, गिरगाव, हे लिहिताना पूर्ण भानावर आहे. हृदय थकले आहे, डोके थकलेले नाही. डॉ. जयवंत नवलकर यांनी आज सकाळी मला तपासून तसे सांगितले, आणि अर्धा तास माझ्याशी वाद घालून स्वतःची खात्रीही करून घेतली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुंबईसह मराठी राज्याच्या चळवळीत सरकारने ते आणून पाहिले, जमले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा हेच खरे धरावे.

पहिले कलम घरादाराचे. राहती खोली भाड्याची आणि माझे पती मनमोहन यांच्या नावाची आहे. पोस्टात माझे जे असेल ते त्यांचे. पाटल्या चळवळीच्या निधीत गेल्या, त्या कोणी शोधू नयेत. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे भांडणही नाही. आमच्या परभी स्वयंपाकातल्या सांबाराच्या मसाल्याची बरणी कमल धुरंधर हिला द्यावी. तो मसाला हात आखडून घालायचा असतो, हे तिला मी कितीदा सांगितले आहे. कमल दादरला शाळेत शिकवते, मंडळाची सभासद आहे, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील.

दुसरे कलम मनमोहन यांच्यासाठी आहे, आणि त्याला थोडी हकीकत जोडावी लागते.

ते बंदरावर कारकून होते. बोटींवरचे खलाशी वाचून टाकलेली इंग्रजी मासिके रद्दीत देत, त्यांत अवकाशयानांच्या आणि परग्रहांच्या गोष्टी असत. लग्नानंतर मी घरी इंग्रजी शिकत होते, म्हणून ते एक अंक घेऊन आले. मी तो दोन दिवसांत संपवला आणि म्हटले, "असले आणखी मिळतील का?" तेव्हापासून ते आणत राहिले. अडचण मुखपृष्ठांची होती. आतली गोष्ट कितीही गंभीर असो, वर एक बाई अपुऱ्या कपड्यांत किंचाळते आहे आणि तिच्यामागे आठ पायांचे काहीतरी लागले आहे. सासूबाईंच्या देवघरासमोरून ते चित्र आत येणे शक्य नव्हते. म्हणून मनमोहन बंदरावरच मुखपृष्ठ फाडून काढत आणि उरलेला अंक धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणत. मी शेकडो गोष्टी वाचल्या, मुखपृष्ठ एकही पाहिले नाही.

फाडलेली मुखपृष्ठे कुठे गेली, हे मी कधी विचारले नाही. जिथे असतील तिथे ती मनमोहन यांच्याच मालकीची राहावीत.

त्यांच्याबद्दल एवढे आणखी नोंदवते. माझी पहिली गोष्ट दिवाळी अंकात छापून आली तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातले राजाराम अभिनंदन करायला त्यांच्याकडे गेले. "मनमोहनराव, वहिनींच्या नावाने लिहिता होय?" मनमोहन म्हणाले, "मला अजून घरचा स्टोव्ह पेटवता येत नाही. मी यान कुठून उडवणार?" संसारात मला याहून मोठा दागिना मिळालेला नाही.

तिसरे कलम अप्पा विजयकर यांच्याविषयी. अप्पा मंडळाचे चिटणीस आहेत. मंडळ त्यांच्याच माडीवर भरते. सत्याग्रहात आम्ही एकाच गाडीतून तुरुंगात गेलो आणि वाटभर चंद्रावर माती असेल की खडक यावर भांडलो. शेवटी हवालदार म्हणाला, "बाई, उतरा आता, पोचलो." हा माणूस मला भावाच्या ठिकाणी आहे. आणि दारात प्रश्न विचारण्याची पद्धत याच माणसाने सुरू केली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अप्पांनी एका अंकाचे नाव घेऊन विचारले, "त्याच्या मुखपृष्ठावर काय होतं?"

मी म्हटले, "माहीत नाही. आतली गोष्ट सांगू?"

"अंक वाचलात आणि मुखपृष्ठ ठाऊक नाही?"

"आमच्याकडे ते फाडूनच येतं."

आत जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. पुरुषमंडळी ती चित्रे उघडपणे पाहत होती. म्हणून ती जाणकार, आणि आत काय लिहिले आहे तेवढेच जिला ठाऊक ती हौशी. शेवटी मी दारातच उभी राहून गोष्ट सांगू लागले. अर्धी झाल्यावर थांबले आणि जायला निघाले, तेव्हा अप्पा स्वतः उठून म्हणाले, "बसा हो, पुरी करा." पण पद्धत काही त्यांनी मोडली नाही.

पुढे मी त्यांना कारण विचारले. म्हणाले, "सुमतीबाई, दर्जा राहिला पाहिजे. बायका नवऱ्याबरोबर येतात, चिवडा खातात आणि झोपतात."

"अप्पा, झोपतो तो तुमचा मेहुणा. त्याला काय विचारलं होतंत?"

"तो घरचा आहे."

आम्ही कुठल्या? रशियाने आकाशात कुत्री पाठवली, तिलासुद्धा कोणी दारात अडवून गुरुत्वाकर्षणाचा नियम म्हणून दाखव म्हटले नव्हते.

अप्पा, हे तुम्ही वाचत आहात हे मला माहीत आहे, म्हणून इथे तुमच्याशीच बोलते. चार वर्षे आपल्याला काय ऐकवले गेले? मुंबई तुमची कशी? तुमच्या गिरण्या किती, पेढ्या किती, पुरावा दाखवा. तुम्ही आणि मी नरे पार्कात एकाच व्यासपीठावरून ओरडून सांगितले की आम्ही इथे राहतो, इथे राबतो, या शहरावर आमचा जीव आहे, आणि जीव लावणाऱ्याकडे पुरावा मागणे हा अपमान आहे. माणसांनी त्यासाठी छातीवर गोळ्या झेलल्या. या महिन्यात राज्य आले. मग रविवारी संध्याकाळी तुमच्याच माडीच्या दारात तुम्ही बायकांकडे पुरावा कोणत्या तोंडाने मागता?

हे रागाने लिहिलेले नाही. तुरुंगात तुम्ही स्वतःची घोंगडी मला दिलीत, ते मी विसरलेले नाही.

अप्पांना मी या मृत्युपत्राचे साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही, असा कायदा आहे. ते त्यांना सही करायला बसल्यावर कळेल.

चौथे कलम पुस्तकांचे, आणि सगळे याच्यासाठी लिहिले आहे.

अप्पांच्या माडीवर जे सागवानी कपाट आहे ते माझ्या माहेरचे आहे, मंडळाला वाचायला मिळावे म्हणून मी ते तिथे ठेवले. त्यातली सर्व मासिके, माझी भाषांतरे आणि कपाटाची किल्ली मी कुमारी नलू गणपत परब, राहणार बीडीडी चाळ, नायगाव, हिला देते.

नलू कोण, ते सांगते. एका सभेत मी भाषणाच्या शेवटी एक गोष्ट रचून सांगितली होती. एक ग्रह असतो, तिथल्या लोकांना पायाखालच्या जमिनीचे कागद रोज दाखवावे लागतात. टाळ्या झाल्या, लोक पांगले. एक मुलगी थांबली होती. वडील गिरणीत, ती मॅट्रिकला. म्हणाली, "बाई, मगे पुढे काय झाला?" मला ठाऊक नव्हते, कारण मी ती गोष्ट तिथेच बनवली होती. ती पुढच्या आठवड्यात घरी आली, त्याच्या पुढच्याही आठवड्यात आली, आणि तिच्यासाठी मला ती गोष्ट पुरी करावी लागली. पुढे काय झाले हे कळल्याशिवाय जिला चैन पडत नाही ती वाचक. वाचकाची याहून वेगळी लायकी मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी इस्पितळात असताना ती एकटीच मंडळात गेली. दारात तिला तीन प्रश्न विचारले गेले. तिने ऐकून घेतले, चपला घातल्या आणि जिना उतरली. मला भेटायला आली तेव्हा मी विचारले, "उत्तरं येत नव्हती का ग?"

"दोन येत होती," ती म्हणाली. "पण मी परीक्षेक थोडीच इल्लंय? मी गोष्ट ऐकूक इल्लंय."

त्यानंतर ती मंडळात आलेली नाही. माझ्याकडे येते, पण गोष्ट मागत नाही. माझ्या तब्येतीची चौकशी करते आणि उठते. हृदयाच्या दुखण्यापेक्षा हे मला जास्त लागते.

म्हणून अटी लिहिते. कपाट नलूचे. तिला ते अप्पांच्या माडीवर ठेवायचे असेल तर तिथे राहील, आणि दर रविवारी तिने उघडल्यावर मंडळ वाचील. तिला नको असेल तर कमलने ते नायगावला पोचवावे. नलूला, किंवा तिच्यानंतर येणाऱ्या कोणाही बाईला, दारात एकही प्रश्न विचारला गेला तर कपाट त्याच दिवशी हलवावे.

भगिनींनो, कायद्याप्रमाणे हा कागद मी गेल्यावर जिवंत होईल. नलूचे कोवळे वय तेवढा वेळ थांबणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते दार तिच्यासाठी उघडलेले पाहून मग जायचे आहे. किल्ली माझ्या उशाशी आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नका. येत्या रविवारी सगळ्या मिळून किल्ली घेऊन नायगावला जा आणि नलूला मंडळात घेऊन या.

सही: सुमती मनमोहन त्रिलोकेकर
मुगभाट, गिरगाव, मुंबई
१८ मे १९६०

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली:

१. डॉ. जयवंत नवलकर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. वादात मी हरलो.

२. गुरुदत्त ऊर्फ अप्पा विजयकर. मजकूर सगळा मान्य नाही. सही माझ्यासमोर झाली हे खरे. नायगावच्या चाळीचा नंबर मलाही द्यावा.