लंगड्या राणीचे हक्क

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय कादंबरीलेखन, स्वखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. उरलेला अर्धा तिचाच आहे. शब्दकोश आणि लिहायचं टेबलही तिलाच.

२. टीव्ही भाच्याला. माझ्या अद्भुतरम्य कादंबरीवरच्या मालिकेचा करार त्याने आणला. "आत्या, नुसती सही कर, सगळं नेहमीचंच असतं," म्हणाला, आणि आठशे पानं लिहिणाऱ्या या बाईने सोळा पानं न वाचता सही ठोकली. 'कथेत आवश्यक ते बदल' हे शब्द अकराव्या पानावर होते. चूक माझी. तरी त्याला टीव्हीशिवाय काही मिळणार नाही.

३. दिग्दर्शकाला कादंबरीची एक प्रत. त्याने ती उघडलेली नाही, हे मी शपथेवर सांगते. माझी राणी लंगडी आहे. शेवटच्या लढाईत, दाट धुक्यात, पहारेकरी किल्ल्याचं दार उघडतो ते तिच्या पावलांच्या आवाजावरून: एक जड, एक फरफटत. ताई लहानपणापासून तशी चालते. तिला या खोलीत फेऱ्या मारायला लावून, कान देऊन मी ते पान लिहिलं. मालिकेत राणी पहिल्याच भागात जादूने बरी होते आणि तुरुतुरु चालायला लागते. मग पहारेकऱ्याने तिला ओळखावं कसं? म्हणून बोटात चमकणारी अंगठी घातली. डोंबलाची अंगठी.

४. हा राग कशापायी, तेही नोंदवते. राणी बरी होते तो भाग ताईने माझ्या शेजारी बसून पाहिला. मग म्हणाली, "बरं केलं त्यांनी. लंगडीला कोण बघत बसणार?" साठ वर्षांत तिच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. हे मी कुणालाही माफ केलेलं नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

५. कादंबरीचा दुसरा भाग लिहून पुरा आहे. नशिबाने तो त्या करारात नाही. त्याच्या छपाईचे आणि चित्रीकरणाचे सर्व हक्क एकट्या ताईचे. ज्याला ते हवे असतील त्याने स्वतः इथे यावं. दार उघडं असेल. ताई हातातलं शिवण ठेवून आतल्या खोलीतून चालत पुढे येईल. तोवर त्याने मोबाइल खिशात ठेवून उभं राहायचं आणि बघायचं. हो की नाही, ते मग ती सांगेल.

साक्षीदार, दोघांनीही माझ्यादेखत सही केली:
वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर (सही)
माझे जुने मुद्रितशोधक (सही, त्याआधी दोन चुका काढल्या)

लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहतं घर, लिहायची खोली
दिनांक: १४ मार्च