शेटच्या बागेतला स्टेशनमास्तर

सांगली, धनत्रयोदशी, १९६४

हळदीचा व्यापार करून बागेत चावीची आगगाडी फिरवता येते, पण अक्कल कुठून आणणार? त्या गाडीभोवती स्टेशन, धक्का, हळदीची पोती करायला मी, शाळेतला ड्रॉइंग शिक्षक, सबंध पावसाळा खपलो. बोटाच्या पेराएवढा स्टेशनमास्तर केला. हातात हिरवा बावटा, तोही घडी दिसेल असा.

आज जाऊन बघतो तर शेटनं दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे फलाटावर उभे केलेले! स्टेशनच्या छपराहून उंच. आणि छपरावर वाघ.

"आता कसं भरल्यागत दिसतंय, गुरुजी?"

जमलेले व्यापारी म्हणाले, "लय झ्याक!" गाढवं सगळी.

मग गाडी सोडली. ती एका मावळ्याच्या ढालीला अडकली, घसरली आणि नेमकी माझ्या स्टेशनमास्तरावर पडली. बावट्याचा हात मोडला.

शेट हसला. "एवढंच व्हय? दुसरा करा की. जरा थोराड करा, ह्यो दिसतच न्हवता."

करतो. शेटचंच तोंड देऊन करतो, मावळ्याच्या दुप्पट, हातात चादरीएवढा बावटा. चिडेल का?

कसला चिडतोय! गावजेवण घालेल.