दमयंतीचे पाणी

७ मार्च १९७१, संगमनेर

दमयंतीने आज पिशवी स्वतः बदलली. माझी मदत नको म्हणाली — चार महिन्यांत प्रथमच!

रचना मुळात किती सुंदर आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी कर्करोगाने ग्रासलेले मूत्राशय काढले, लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेतला, मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडल्या आणि त्याचे तोंड पोटावर, बेंबीच्या उजवीकडे आणले. त्यावर रबरी पिशवी. साठवण नाही, म्हणून रोखून धरणेही नाही. पाणी मात्र भरपूर हवे. प्रवाह मंदावला की जंतू वर चढतात.

डॉक्टरांच्या आधीच्या अकरा रुग्णांपैकी पाच जण दोन वर्षांनंतरही हिंडते-फिरते आहेत. पाच म्हणजे थोडे नव्हेत.

२८ मार्च

आमच्या शोभाचे लग्न ठरले. जावई श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात केमिस्ट. मुलीची परीक्षा होऊ द्यावी असे माझे मत. दमयंतीला वैशाखच हवा. १६ मे.

४ एप्रिल

माझी थोरली बहीण, अक्का, आली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "कन्यादानाला धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला बसव. हिला सारखं गळतं. सोवळ्यात कसं चालायचं?"

दमयंती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले नाही.

मी कागद घेतला, आकृती काढली, अक्काला तासभर समजावले — मूत्रपिंडांपासून पिशवीच्या बुचापर्यंत. शेवटी ती म्हणाली, "पुरे रे बाबा. बसव तुझ्या बायकोला. पण ते आतडं पुन्हा दाखवू नकोस, मला अजून जेवायचंय."

दमयंती खळखळून हसली. शस्त्रक्रियेनंतर असे हसणे ऐकले नव्हते.

१३ मे

आज दमयंतीने विचारले, "अहो, पाणी प्यायलं की किती वेळानं पिशवीत येतं?"

काय नेमका प्रश्न! तासाचे प्रमाण सांगितले. न प्यायल्यास धार कशी क्षीण होते, तेही. तिने मन लावून ऐकले. माझ्या वर्गात अशी एक विद्यार्थिनी असावी.

१६ मे

लग्न लागले. कन्यादान आम्ही केले. विधी होईपर्यंत उपवास दोघांनाही होता, पण मी दोनदा सरबत घेतले. शालूखाली पिशवीचा मागमूसही नव्हता. तिने झारीने पाण्याची धार धरली. हात माझ्या हाताला लागला — कोरडा, तापलेला. उन्हामुळे असेल.

१७ मे

हुडहुडी, १०४ ताप. पिशवीत चमचाभर, गढूळ.

"परवापासून पाणी घेतलं नाही," म्हणाली. "मांडवात गळलं असतं तर शोभाच्या सासरचे काय म्हणाले असते?"

१९ मे

येथील डॉक्टरांनी सलाईन लावले आहे. पुण्याचा प्रवास सोसणार नाही म्हणतात. पिशवी कोरडी. मी दर तासाला पाहतो.

२१ मे

सकाळी नऊ वाजता दमयंती गेली.

३० मे

पुण्याच्या डॉक्टरांचा छापील तक्ता भरून पाठवला. बारावी रुग्ण. शस्त्रक्रियेनंतर सहा महिने. मृत्यूचे कारण: पाणी न घेतल्याने जंतुसंसर्ग, मूत्रपिंडे निकामी.

पाणी न घेता पिशवी रिकामी कशी ठेवावी हे रुग्णास कोणी शिकवले, असा रकाना तक्त्यात नाही. तो असता तर माझे नाव लिहिले असते. अक्काचे ऐकले असते तर दमयंती मागच्या खुर्चीवर बसून तांब्याभर पाणी प्यायली असती.

२ जून

राधाकृष्ण, दमयंतीचा भाऊ, आज माझ्याजवळ बसून रडला. फेब्रुवारीत आमच्या शाळेची तपासणी होती, म्हणून पुण्याला तिला तो घेऊन गेला होता. गाठ पोटात परत आली होती. फार तर पावसाळा निघेल, असे डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितले. मला कळू द्यायचे नाही, अशी तिने त्याला शपथ घातली —

"ह्यांना कळलं तर मला बरं करायच्या मागे लागतील, आणि शोभाचं लग्न राहून जाईल."