तिसऱ्या दिवशी उचललेलं डालं

अहो,

भाकरी दुरडीत हाय, कालवण चुलीपाशी. जेवून घ्या, माझी वाट बघू नका.

लई वेळा सांगितलं होतं, नव्या जागेत कोंबड्या आठ दिवस डाल्याखाली कोंडायच्या, मंग त्यांना घर कळतं. तुम्ही तिसऱ्याच दिवशी डालं उचलून कामावर गेलात. सहाच्या सहा ओढा ओलांडून जुन्या घरी गेल्या, भाऊजींच्या अंगणात. वाटणीच्या दिवशी मी म्हणले होते, त्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाय. आज लावते.

रविवारी बाजारातून चार नव्या तलंगा आणायचं ठरलंय, ते राहू द्या. आधी हायेत त्या तर टिकू द्या.

अजून एक. मी पाणी घेऊन आले तर आत्याबाईंची खाट मोकळी. वाकळ काखेत मारून त्याबी तिकडंच गेल्या. शेजारणीनं बघितलं.

कोंबड्यांचे पाय बांधून मी पाटीत घालून आणीन. तुमच्या आईला कसं आणू? माझ्या हाकेनं त्या यायच्या नाहीत. भावाच्या दारात जाणार नाय असं तुम्हीबी म्हणला होता, ठाव हाय मला.

जेवण राहू द्या. तिकडं या.

भागू