गाईला पोटं चार, माणसाला एकच

१७ जून २०२४
निर्णय झाला. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी, आप्पासो, एमबीबीएस करणार. गेल्या महिन्यात वडील सांगलीला ॲडमिट होते. तिथला एक कोवळा डॉक्टर मला म्हणाला, "काका, बाजूला व्हा." बावीस वर्षं पलूसच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. मारका बैल मला बघून गप उभा राहतो. आणि मी बाजूला व्हायचं?
नीट परीक्षेला वयाची अट नाही. बारावी सायन्स आहे. शिवाय गाईला पोटं चार, माणसाला एकच. म्हणजे माझा अभ्यास आधीच चौपट झालाय.

१८ जून
बायकोला सांगितलं. सुला म्हणाली, "आवं, आदी म्हशीची धार काढा. मग व्हा डॉक्टर."

१ जुलै
सांगलीला क्लास लावला. दवाखान्याच्या डॉक्टर जयराज साहेबांनी माझी वर्षाची बिनपगारी रजा वरून चार दिवसांत मंजूर करून आणली. इतक्या तातडीनं त्यांनी आजवर कुठलंच काम केलं नव्हतं. माझ्यावर विश्वास दिसतो.
वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. पर्सनॅलिटी. मग सर आले आणि मी तिसऱ्या बाकावर बसलो.

९ जुलै
शेजारी प्रियदर्शनी बसते. वय सतरा, मिरजेची, हुशार. सर एकदा शिकवतात, मग ती मला समजावते. मी तेच चार वेळा विचारतो. पाया पक्का हवा.

२ ऑगस्ट
टाइमटेबल केलं. रोज पहाटे चारला उठणे.

३ ऑगस्ट
अलार्म सुलाला ऐकू आला. मला नाही. सुधारित टाइमटेबल: पाच.

२० ऑगस्ट
सुधारित टाइमटेबल: सात. झोप झाली तरच मेंदू चालतो. हेही बायॉलॉजीच.

१४ नोव्हेंबर
टेस्ट. ७२० पैकी ३८. प्रियदर्शनीला ५७०. मी अवघड प्रश्न आधी घेतले, त्यात वेळ गेला. तिनं सोपे घेतले असणार.

११ फेब्रुवारी २०२५
फिजिक्स. टॉर्क. प्रियदर्शनीनं पाचव्यांदा सांगितलं. डोक्यात काही शिरेना. म्हणालो, "बाळ, तू तुझं बघ. माझ्यापायी तुझं वर्ष नको जायला." ती म्हणाली, "न्हाई काका, परत सांगते." आणि वहीचं नवीन पान काढलं.
एसटीत पलूसपर्यंत खिडकीबाहेर बघत आलो. डोळ्यांत धूळ जात होती. खिडकी बंद होती, पण जात होती.

४ मे
परीक्षा. सेंटर साताऱ्याला. गेटवरचा गार्ड म्हणाला, "पालक भाईर." हॉलतिकीट दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, मग दुसऱ्या गार्डला बोलावलं. दोघांनी मिळून बघितलं.
पेपर मस्त. बायॉलॉजी बरीचशी आली. फिजिक्स अंदाजानं सोडवलं, पण अंदाज बावीस वर्षांच्या अनुभवाचा.

५ मे
घराच्या पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल कुठं बसेल ते मोजून घेतलं. सुला म्हणाली, तिथं कडब्याच्या पेंढ्या ठेवायच्यात.

१४ जून, दुपार
निकाल लागला. साइट चालेना.

१४ जून, संध्याकाळ
चालली. उणे नऊ.
सुलानं विचारलं, "उणे म्हंजी?" म्हणालो, शून्याच्या खाली. चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापतात. तिनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "म्हंजी गेलाच नसता तर जास्त पडलं असतं."
जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं.

१५ जून
प्रियदर्शनी आईला घेऊन मिरजेहून आली. पेढे घेऊन. ६११ पडले. मी दाराआड होतो. सुलानं हाताला धरून बाहेर काढलं.
पोरगी पाया पडली. म्हणाली, "काका, तुमाला येक येक गोष्ट पाच-पाच डाव सांगितली, म्हणून माझी पाठ झाली. नायतर यवडं कवाच पडलं नसतं."
ऊर भरून आला. म्हणजे वर्ष फुकट गेलं नाही. वैद्यकीय क्षेत्रात आपला हातभार लागला.
तिची आई पदर सावरत म्हणाली, "दादा, धाकटीचा बी क्लास लावलाय. येक विचारायचं हुतं."
म्हणालो, विचारा. मार्गदर्शन करायला मी केव्हाही तयार आहे.
"मार्गदर्शन सर करत्यात की. तुमी नुसतं तिच्या शेजारी बसाल का?"
विचार करून सांगतो म्हणालो.
चहा गाळता गाळता सुला आतून म्हणाली, "बसतील."