दाराच्या माथ्यावरचे तीन पट्टे

ता. १४, रविवार, सुट्टी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मी धडधाकट आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो, मफलर घालतो. एवढं आईला आधी वाचून दाखव, म्हणजे ती मोकळी. सातवीनंतर माझ्या हातात पेन कमी आणि ब्रश जास्त, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोनच केला असता, पण मागून बाबांचा खोकला ऐकू आला की माझी बोलती बंद होते.

बाबांनी नव्या घराची दारं बसवली, आता त्यांना रंग कुठला, असं तू विचारलंस. सांगतो. आधी इथली गंमत ऐक.

सध्या एका मास्तरांच्या घरी सहा दारांचं काम चालू आहे. मास्तरांना गडद रंग हवा, त्यांच्या वडिलांच्या कपाटासारखा. त्यांच्या बाई म्हणतात, "मग कपाटातच राहायला जा. मला घरात उजेड पाहिजे." चार दिवस हेच. शेवटी आमचे मिस्त्री वैतागून म्हणाले, "भिंगरी, तूच मिटव हे." इथे मला सगळे भिंगरीच म्हणतात. आल्या आल्या वर्षभरात पाच कामं सोडली, दुसरं काय म्हणणार! पण या मिस्त्रींकडे टिकलोय. चौदा महिने झाले.

मी त्याच लाकडाचे तीन तुकडे घेतले, दाराइतकेच गुळगुळीत घासले, तीन वेगळ्या रंगांचे स्टेन लावून खोलीत ठेवले. म्हटलं, सकाळी खिडकीच्या उजेडात बघा, संध्याकाळी दिव्याखाली बघा, आणि तोवर भांडू नका. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मधला उचलला, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा. बाईंनीही तोच.

"मी पहिल्यापासून हाच म्हणत होतो," मास्तर म्हणाले.

"हो ना, तुम्ही कायम माझंच म्हणत असता," बाई म्हणाल्या.

तरीसुद्धा मी आधी प्रत्येक दाराच्या माथ्यावर, वरच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे एक पट्टा ओढून पाहिला. एकाच लाकडाची दोन दारंही रंग सारखा पीत नाहीत. मिस्त्री म्हणाले, "ही सवय कुणाची रे?" मी म्हटलं, "आमच्या बाबांची." आणि खाली मान घालून पुढचं दार घ्यायला गेलो.

ताई, डॉक्टरीणबाईंच्या घरची ती आठ दारं आठवतात ना? काळपट, डागाळलेली? बाबा मला सांगून गेले होते, "आधी माथ्यावर लावून बघ." मला मित्रांबरोबर जायची घाई. रंग अंदाजाने कालवला, माथा बघितला नाही, घासलंही धड नाही. आठही दारांना सरळ फासून मोकळा. डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "रंग बाबांनी कालवला होता." बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाले, "हो, माझ्याच हातून झालं."

पुढचे अकरा दिवस त्यांनी एकट्याने ती दारं घासली. मी तिसऱ्याच दिवशी इकडे पळालो. तेव्हापासून सगळे समजतात की बाबांची नजर गेली, आणि पॉलिशचं काम त्यांना कुणी देत नाही. नजर ठणठणीत आहे त्यांची.

तू लिहिलंयस, "बाबांचं काही कळत नाही. स्टुलावर चढून दाराच्या माथ्यावर तीन पट्टे ओढलेत, आणि विचारलं तर म्हणतात, त्याला विचारा." तुला नाही कळलं. मला कळलं. रंग मी येऊन निवडावा म्हणून थांबलेत ते.

रंग मी इथून सांगणार नाही. आपल्या खोल्यांतला उजेड पाहिल्याशिवाय कसा सांगू? मास्तरांचं काम वीस तारखेला उरकतंय, बावीसला घरी पोचतो. मिस्त्रींनी विचारलं, "भिंगरी, परत येशील ना?" म्हटलं, "येईन. सांगून जातोय की, पहिल्यांदाच."

हे पत्र बाबा चहा पीत असताना मोठ्याने वाच. ते "मला नाही ऐकायचं" म्हणून उठतील, पण दारापर्यंतच जातील. तिथे थांबले की आठ दारांचा भाग पुन्हा वाच. शेजारचे काका बसलेले असतील तर फारच बरं. आणि मी येईपर्यंत दारांना कुणाला हात लावू देऊ नका.

तो रंग मी कालवला होता.

तुझा धाकटा